व्हिटबी: तुरटी, कोळसा, देवमासे आणि भरतीचं वेळापत्रक

इंग्लंडच्या उत्तर यॉर्कशायर किनाऱ्यावर एस्क नदी समुद्राला मिळते, तिथे व्हिटबी हे सुमारे १३,००० वस्तीचं बंदर आहे. नदीच्या दोन्ही अंगांना उभे कडे, मधल्या घळीत लाल कौलांची दाटी आणि पूर्वेच्या कड्यावर पडका मठ. एका दिवसासाठी येणाऱ्यांचा क्रम ठरलेला असतो: पूल, १९९ पायऱ्या, मठ, फिश अँड चिप्स, परतीची बस. फोटो उत्तम येतात, पण या अडचणीच्या घळीत बंदर कशाला वाढलं ते काही कळत नाही. १५४० च्या सुमारास इथे २०-३० घरं आणि २०० च्या आसपास माणसं होती. अडीचशे वर्षांनंतर, १७९०-९१ मध्ये, जहाजबांधणीत लंडन आणि न्यूकॅसलच्या मागोमाग या गावाचा नंबर लागत होता. मधल्या काळात काय झालं, तर तुरटी झाली. म्हणून पहिला दिवस तुरटीपासून सुरू करावा आणि मठ दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवावा. दोन दिवस आणि एक मुक्काम पुरतो.

आधी भरतीचं गणित

इथे काय कधी बघायचं हे घड्याळापेक्षा भरती जास्त ठरवते. उधाणाच्या दिवसांत भरती-सुकतीतला फरक साडेचार मीटरच्या आसपास जातो. सुकतीला बंदराचा वरचा भाग चिखल होऊन पडलेला असतो आणि बोटी कलंडलेल्या असतात. भरतीला तेच पाणी धक्क्याला लागतं. किनाऱ्यावरच्या दोन्ही चाली, म्हणजे पश्चिमेला सँडसेंडची आणि पूर्वेला साल्टविकची, सुकतीतच करायच्या असतात.

कोकणात वाढलेल्या माणसाचा इथे एक हमखास घोटाळा होतो. मुंबईत पौर्णिमा-अमावस्येला दुपारी बाराच्या सुमारास उधाण येतं, ही खूणगाठ डोक्यात पक्की असते. व्हिटबीत नेमक्या त्या दिवसांत पूर्ण सुकती सकाळी १० ते १२ च्या दरम्यान पडते आणि भरती पहाटे आणि संध्याकाळी येते. किनाऱ्यावर हिंडणाऱ्यांना हे फार सोयीचं. पौर्णिमा किंवा अमावस्या उलटल्यावरचे एक-दोन दिवस धरले, तर पाणी सगळ्यांत लांब गेलेलं असतं आणि तेही भर उजेडात. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती-सुकतीतला फरक कमी असतो तेव्हा, आलात तर दुपारी भरती असते आणि किनाऱ्याची चाल बहुधा हुकते.

यूके हायड्रोग्राफिक ऑफिसच्या ईझीटाइड या संकेतस्थळावर पुढच्या सात दिवसांच्या वेळा फुकट मिळतात. त्यात एक गोम आहे. बऱ्याच छापील तक्त्यांत वर्षभर ग्रिनिच वेळ असते. मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर इंग्लंडची घड्याळं तासभर पुढे असतात, त्यामुळे तक्त्यातल्या वेळेत एक तास मिळवावा लागतो. तो न मिळवता निघालेला माणूस सुकती व्हायच्या तासभर आधी किनाऱ्यावर पोचतो आणि पाण्यासमोर ताटकळतो. एवढ्यावर निभावतं. खरा धोका परतीला उशीर करणाऱ्यांना असतो. पूर्ण सुकतीच्या दीड-दोन तास आधी निघावं आणि पाणी वळताना परतीच्या वाटेवर असावं, हा साधा नियम पाळावा.

पोचायचं कसं

लंडनच्या किंग्ज क्रॉसहून यॉर्कपर्यंत रेल्वेने दोन तासांच्या आसपास लागतात. तिथून कोस्टलाइनर ८४० ही बस माल्टन, पिकरिंग आणि गोथलंडवरून माळरान ओलांडत व्हिटबीला येते. यॉर्कपासून दोन-सव्वादोन तास धरावेत. ही बस लीड्सहून सुटते, त्यामुळे लीड्स-ब्रॅडफर्डकडे राहणाऱ्यांना गाडी बदलायची गरज नाही. वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली तर सोडू नये.

दुसरी वाट मिडल्सब्रोहून एस्क खोऱ्यातल्या रेल्वेची, साधारण दीड तासाची. दिवसभरात गाड्या मोजक्याच, म्हणून परतीची वेळ आधी बघून ठेवावी. बॅटर्सबी नावाच्या ओसाड स्थानकात गाडी थांबते, चालक उतरून दुसऱ्या टोकाला जातो आणि गाडी उलटी चालू लागते. आपण परत चाललो असं वाटून कोणी ना कोणी उठून उभं राहतंच. बसून राहावं, इथून पुढचा जुना लोहमार्ग बंद झाल्यामुळे गाडीला दिशा बदलावी लागते. व्हिटबी जवळ आलं की डोक्यावरून विटांचा तेरा कमानींचा लारपूल पूल जातो. स्कारबरोची रेल्वे १९६५ मध्ये बंद झाली. आता तिच्या जागेवर चालायची आणि सायकलची वाट आहे. पिकरिंगहून हंगामात वाफेच्या इंजिनाची गाडीही येते. तिचं तिकीट महाग असतं, पण लोहमार्ग ऐतिहासिक आहे: जॉर्ज स्टीफनसनने आखलेल्या या मार्गावर १८३६ मध्ये डबे घोडे ओढत होते.

मोटारीने येणाऱ्यांनी उन्हाळ्यात गावात जागा शोधायच्या फंदात पडू नये. गिझबरो रस्त्यावर हंगामी पार्क अँड राइड आहे, तिथे गाडी लावून बसने गावात यावं. गुडघे दुखणाऱ्यांसाठी मठाच्या कड्यावर वेगळा गाडीतळ आहे. तिथून १९९ पायऱ्या न चढता देऊळ (सेंट मेरीचं चर्च) आणि मठ दोन्ही बघता येतात.

सँडसेंड: जिथून पैसा सुरू झाला

वेस्ट क्लिफवरून वाळूत उतरलं की सँडसेंड साधारण साडेचार किलोमीटर. सुकतीत तासाभराची सपाट चाल आहे. डावीकडचा कडा दगडाचा नाही, हिमयुगातल्या गाळमातीचा आहे. पावसानंतर तो सुटून खाली येतो, म्हणून कड्याला चिकटून न चालता पाण्याच्या बाजूने चालावं. भरती असेल तर वरच्या रस्त्याने पायी किंवा बसने जावं.

सँडसेंडच्या पलीकडचं टोक लांबूनच वेगळं दिसतं: राखाडी, बोडकं, गवतही नीट न उगवलेलं. ते सगळं तुरटीच्या कारखान्याचं उरलेलं आहे. गाडीतळाजवळून जुन्या रेल्वेच्या जागेवर चढलं की वीस मिनिटांत त्या ढिगाऱ्यांत पोचता येतं.

तुरटीशिवाय लोकरीच्या कापडात रंग पक्का बसत नसे. युरोपात ती पोपच्या राज्यातून येई. आठव्या हेन्रीने रोमशी संबंध तोडल्यावर इंग्लंडला स्वतःची तुरटी हवी होती. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला ती या किनाऱ्याच्या थरांच्या दगडात, म्हणजे शेलमध्ये, सापडली. कृती अशी होती. कडा फोडून शेल काढायचा, झुडपांच्या थरावर त्याचा डोंगर रचायचा आणि पेटवून द्यायचा. दगडातच गंधकाचं लोखंडी खनिज आणि थोडं जळण असे, त्यामुळे ढीग महिनोन् महिने धुमसत राही. भाजलेला दगड हौदात भिजवला की अ‍ॅल्युमिनियम सल्फेट पाण्यात उतरे. ते पाणी पन्हळींतून खाली नेऊन शिशाच्या किंवा लोखंडी कढयांत आटवायचं. मग त्यात पोटॅश नाहीतर अमोनिया घालायचा. पोटॅश समुद्रशेवाळ जाळून मिळे आणि अमोनिया माणसांच्या शिळ्या मुतातून. ते मूत आसपासच्या गावांतूनच काय, न्यूकॅसल आणि लंडनहून पिंपं भरून जहाजाने येई. पाणी पुरेसं आटलं का हे कोंबडीच्या अंड्याने पाहत. अंडं तरंगलं की पाणी थंड करायला सोडायचं. एक टन तुरटीला साधारण ५० ते १०० टन दगड लागे. समोरचं टोक असं खरवडल्यासारखं का दिसतं, याचं उत्तर या आकड्यात आहे.

सँडसेंडला नीट उभी अशी इमारत उरलेली नाही. हौद, कढया आणि गोदामं कुठे होती हे जमिनीवर बघायचं असेल, तर व्हिटबीच्या दक्षिणेला रेव्हन्सकारजवळचा पीक अ‍ॅलम वर्क्स गाठावा. तो नॅशनल ट्रस्टकडे आहे, फिरायला पैसे लागत नाहीत आणि जागोजाग फलक आहेत. वेळ एकाच ठिकाणापुरता असेल तर आम्ही पीक सुचवू. सँडसेंडला जायचं ते वाटेतल्या किनाऱ्यासाठी आणि त्या बोडक्या टोकासाठी.

हा धंदा दोन कारणांनी बुडाला. १८४५ मध्ये गंधकाम्ल वापरून कोळशाच्या खाणीतल्या टाकाऊ शेलपासून तुरटी करायची स्वस्त रीत निघाली. पुढे कृत्रिम रंग आले आणि तुरटीची गरजच घटली. किनाऱ्यावरचे शेवटचे कारखाने १८७१ मध्ये बंद झाले. त्याआधी १८२९ मध्ये केटलनेसला कडा इतका पोखरला गेला होता की सगळी वस्ती एका रात्रीत समुद्राकडे घसरली.

कोळशाची जहाजं आणि ग्रेप लेन

कढया पेटत्या ठेवायला कोळसा लागे, तो टाइन नदीवरून येई. परत जाताना तुरटी जाई. या वाहतुकीतून व्हिटबीकरांकडे जहाजं आली. मग न्यूकॅसल ते लंडन हा कोळशाचा सगळ्यात मोठा मार्ग त्यांनी धरला. बंदराचे धक्केसुद्धा कोळशावरच्या करातून बांधले गेले. १७०२ मध्ये पार्लमेंटने तसा कायदा केला.

व्हिटबीच्या कोळशाच्या जहाजाची घडण लक्षात ठेवण्यासारखी होती. नाक बोथट, पोट फुगीर, तळ जवळजवळ सपाट. दिसायला बेढब आणि चालीला मंद, पण धक्का नसेल तिथे भरतीत वाळूवर चढवायचं, पाणी ओसरलं की बैलगाड्या लावून माल उतरवायचा आणि पुढच्या भरतीला निघायचं, हे त्याला सहज जमे.

अठरा वर्षांचा जेम्स कुक १७४६ मध्ये जॉन वॉकर या क्वेकर पंथाच्या जहाजमालकाकडे उमेदवार म्हणजे शिकाऊ म्हणून आला आणि अशा जहाजांवर शिकला. पुढे नौदलाने त्याला प्रशांत महासागरात पाठवायचं ठरवलं, तेव्हा निवडलेलं जहाज व्हिटबीचंच होतं. १७६४ मध्ये टॉमस फिशबर्नच्या गोदीत उतरवलेलं, कोळसा वाहणारं ‘अर्ल ऑफ पेम्ब्रोक’ नवं नाव घेऊन ‘एंडेव्हर’ झालं. जून १७७० मध्ये ते ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळ खडकावर आदळलं. तेव्हा कुकने ते एका नदीच्या मुखात ओढून घेतलं, वाळूवर टेकवलं आणि तळ दुरुस्त केला. टोकदार तळाचं नौदलाचं जहाज तिथे आडवंच पडलं असतं. त्याच्या पुढच्या सफरींची ‘रेझोल्यूशन’, ‘अ‍ॅडव्हेंचर’ आणि ‘डिस्कव्हरी’ ही जहाजंही व्हिटबीतच बांधलेली. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांना ही जहाजं कशी दिसली असतील, हा प्रश्न गावातल्या कुकच्या पुतळ्याखाली उभं राहूनही विसरू नये.

पुलाच्या पूर्वेला ग्रेप लेनमध्ये वॉकर घराण्याचं १६८८ चं घर आहे, तिथे कुक संग्रहालय आहे. उमेदवार पोरं माळ्यावर झोपत आणि तिथेच रात्री नौकानयनाचं गणित शिकत असं तिथे सांगतात. माळ्याचं आढं खालून बघावं, जहाजाच्या बरगड्यांचीच आठवण होते. मागच्या अंगणातून भरतीचं पाणी भिंतीला लागलेलं दिसतं, म्हणून इथे भरतीच्या वेळी जावं. दीड तास पुरे. हिवाळ्यात बंद असतं.

हे बघून पुलावर यावं. आजचा फिरता पूल १९०८-०९ चा. त्याचे दोन अर्धे स्वतंत्रपणे फिरतात. भरतीच्या आधी आणि नंतर दोन-दोन तास, बोटींनी मागणी केली की तासाला किंवा अर्ध्या तासाला तो उघडतो. उघडला की दोन्ही काठ तुटतात आणि माणसं दाटतात. रेल्वे आणि बसस्थानक पश्चिमेला आहे, म्हणून गाडीची वेळ जवळ आली असेल तर घंटा होण्याआधीच पलीकडे जावं. लोखंडी जहाजं मोठी होत गेली तेव्हा ही अरुंद नदी आणि जुन्या पुलाचं त्याहून अरुंद दार आड येऊ लागलं. टर्नबुल कंपनीने १९०२ मध्ये शेवटचं जहाज उतरवून गोदी बंद केली. रुंद पूल आला तो त्यानंतर.

देवमासे आणि काळा दगड

पश्चिम कड्यावर देवमाशाच्या जबड्याची कमान आहे, तिच्यातून मठाचा फोटो सगळे काढतात. संध्याकाळी काढावा. ऊन पाठीमागून येतं आणि समोरचा मठ उजळतो, सकाळी तो नुसता काळा आकार दिसतो. ही कमान तिसरी आहे. पहिली १८५३ ची, दुसरी १९६३ मध्ये नॉर्वेहून आलेली, आताची २००३ मध्ये अलास्काहून आणलेली.

देवमाशांची शिकार इथून १७५३ ते १८३७ चालली. जहाजं वसंतात ग्रीनलंडकडे निघत आणि उन्हाळ्याच्या शेवटी परतत. चरबी बंदराकाठच्या भट्ट्यांत उकळून तेल काढत, आणि तो वास अख्ख्या गावात पसरे. थोरला विल्यम स्कोर्सबी हा यातला नामवंत कप्तान. डोलकाठीच्या टोकावर टेहळणीसाठी वाऱ्यापासून आडोसा देणारं पिंप बसवायची कल्पना त्याचीच. त्याच्या मुलाने धंदा सोडून विज्ञान धरलं. १८२० मधलं त्याचं आर्क्टिकवरचं पुस्तक या विषयाचा पाया मानलं जातं.

एकोणिसाव्या शतकात मात्र गाव जगलं ते जेटवर. हे सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाच्या चिखलात गाडलेल्या अरॉकेरियासारख्या झाडांचं लाकूड. त्याचा काळा, हलका, झिलई घेणारा दगड झाला. राणी व्हिक्टोरियाचा नवरा १८६१ मध्ये वारला, तिने आयुष्यभर काळं वापरलं आणि दुखवट्यात जेटचे दागिने घालायची रीत पडली. १८७० च्या दशकात हजाराहून जास्त माणसं हा दगड घासत होती. फॅशन बदलल्यावर १८८० च्या दशकात धंदा कोसळला.

चर्च स्ट्रीटवर दुकानांची रांगच आहे. विकत घ्यायचं असेल तर पारख जाणून जावं. जेट हातात घेतला तर प्लास्टिकसारखा हलका आणि कोमट लागतो. ‘फ्रेंच जेट’ नावाने विकली जाते ती काळी काच असते, ती गार आणि जड लागते. जुन्या दागिन्यांत व्हल्कनाइट म्हणजे कडक केलेलं रबर पुष्कळ असतं, ते जुनं झालं की तपकिरी पडतं. पक्की कसोटी म्हणजे झिलई नसलेल्या चिनीमातीवर ओढायची रेघ. जेटची रेघ तपकिरी येते, कोळशाची काळी. किनाऱ्यावर सापडलेल्या दहा काळ्या खड्यांपैकी बहुतेक कोळसाच निघतो, म्हणून फुटक्या फरशीचा तुकडा खिशात ठेवावा. वाळूत सुटं पडलेलं वेचायला हरकत नसते. कड्यात मात्र खोदू नये, तो डोक्यावर येतो.

त्याच किनाऱ्यावर प्राचीन समुद्री जिवांच्या गुंडाळलेल्या शंखांचे दगड, म्हणजे अ‍ॅमोनाइट सापडतात. मठाची पहिली प्रमुख संत हिल्डा हिने सापांना शाप देऊन दगड केलं ही इथली जुनी कथा. पर्यटकांना ती पटावी म्हणून विक्रेते या दगडांवर सापाची डोकी कोरत. गावाच्या चिन्हावरही असे तीन सर्प आहेत. आपल्या देवघरातला शाळिग्राम हाही अ‍ॅमोनाइटच, फक्त तो गंडकीच्या पात्रातला. डोकी कोरलेले नमुने पॅनेट पार्कमधल्या संग्रहालयात आहेत. तिथेच भिंतीवर अख्खे इक्थिओसॉर, म्हणजे प्राचीन समुद्री सरपटणाऱ्या प्राण्यांचे सांगाडे, लावलेत आणि जळवांवर चालणाऱ्या हवामानयंत्राची प्रतिकृती आहे. १८५०-५१ मध्ये डॉ. मेरीवेदर यांनी बारा बाटल्यांत बारा जळवा ठेवल्या. वादळ येणार असलं की त्या वर चढून घंटी वाजवणार, अशी योजना होती. जुन्या पद्धतीचं, काचेच्या पेट्यांनी गच्च भरलेलं हे संग्रहालय गावातलं सगळ्यात चांगलं ठिकाण आहे आणि दिवसभराच्या गर्दीतले फारच थोडे लोक तिथवर येतात. सोमवारी बहुधा बंद असतं.

लाइफबोटी आणि रोहिला

पियर रोडवर लाइफबोटीच्या जुन्या घरात छोटं संग्रहालय आहे. आत ‘रॉबर्ट अँड एलन रॉब्सन’ ही वल्ह्यांची लाइफबोट ठेवली आहे. ती १९५७ पर्यंत कामावर होती, ब्रिटनच्या लाइफबोट संस्थेतली शेवटची वल्ह्यांची बोट.

९ फेब्रुवारी १८६१ च्या वादळात इथले खलाशी एकामागून एक जहाजांची सुटका करत होते. त्यातल्या एका खेपेला बोट उलटली आणि तेरापैकी बारा जण बुडाले. वाचलेला हेन्री फ्रीमन हा एकटाच नव्या पद्धतीचं बुचाचं जाकीट घालून होता. बोट उलटलेली जागा धक्क्यावरून स्पष्ट दिसते. मेले ते गावाच्या डोळ्यांसमोर.

दुसरी कथा ‘रोहिला’ची. ब्रिटिश इंडिया कंपनीची ही आगबोट १९०६ मध्ये बेलफास्टला बांधली, नाव रोहिलखंडच्या रोहिल्यांवरून. पानिपत वाचलेल्या मराठी माणसाला ते नाव यॉर्कशायरच्या स्मशानातल्या स्मारकावर दिसलं की थबकायला होतं. पहिल्या महायुद्धात तिचं रुग्णालयी जहाज केलं होतं. ३० ऑक्टोबर १९१४ च्या पहाटे, युद्धामुळे किनाऱ्यावरचे दिवे विझवलेले असताना, ती २२९ माणसांसह साल्टविकच्या खडकावर चढली. किनारा काही शे मीटरवर, पण लाटांमुळे पोचता येईना. गावकऱ्यांनी ‘जॉन फील्डन’ ही बोट खडकांवरून ओढत नेली. दोन खेपांत ३५ जण आणले, तोवर तिचा तळ फुटला. दुसरी बोट रस्त्याने आणून दोरांनी कड्यावरून खाली सोडली, तिला लाटा ओलांडता आल्या नाहीत. शेवटी टाइनमाउथहून आलेल्या ‘हेन्री व्हर्नन’ या मोटार लाइफबोटीने १ नोव्हेंबरला पाण्यावर तेल ओतून लाटा दाबल्या आणि उरलेल्यांना उतरवलं. ८० हून जास्त माणसं गेली. इंजिनाच्या बोटींवर खलाशांचा विश्वास नव्हता, तो या घटनेने बसला.

साल्टविक उपसागरात सुकतीला लोखंडी सांगाडा दिसतो, तो रोहिलाचा समजून लोक फोटो काढतात. तो १९७६ मध्ये आपटलेल्या मासेमारी जहाजाचा आहे.

मठ, आणि एक पंचांगवाद

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या आत पायऱ्या चढाव्यात, दहानंतर त्या भरतात. दगड झिजलेला आहे. ओल्यात चामड्याचे सपाट तळवे घसरतात, रबरी तळव्याचे बूट हवेत. मधले रुंद टप्पे आणि बाकं शवपेटी टेकवण्यासाठी होती. शेजारच्या दगडी उतारावरून घसरण जास्त, तिथून उतरू नये.

वरचं सेंट मेरीचं देऊळ बाराव्या शतकाच्या सुरुवातीचं, आतली रचना बरीचशी अठराव्या शतकातली. दारं असलेल्या लाकडी पेट्यांसारखे बाक आणि १७७८ चं तीन मजली व्यासपीठ आहे. व्यासपीठाच्या मागे पाद्र्याच्या बहिऱ्या पत्नीसाठी बसवलेली कर्णनळी आहे, ती मुद्दाम शोधावी. स्मशानातल्या दगडांवरची अक्षरं खारट वाऱ्याने गेली आहेत. कडाही खचतो, २०१३ च्या सुरुवातीला इथली जुनी हाडं खाली रस्त्याकडे घरंगळली होती. कुंपणापलीकडे पाऊल टाकू नये.

मठाचं तिकीट इंग्लिश हेरिटेजचं, संकेतस्थळावर आधी काढलं तर स्वस्त पडतं. हिवाळ्यात आठवड्यातले बरेच दिवस बंद असतं. पहिला मठ ६५७ मध्ये हिल्डाच्या अधिपत्याखाली सुरू झाला आणि नवव्या शतकात डेनिश हल्ल्यांत गेला. आज दिसतात त्या भिंती तेराव्या शतकापासूनच्या. १५३९ मध्ये मठ बरखास्त झाला तरी खलाशांची खूण म्हणून भिंती उभ्या राहिल्या. मधला मनोरा १८३० मध्ये पडला आणि १६ डिसेंबर १९१४ ला जर्मन युद्धनौकांचे गोळे पश्चिम दर्शनीवर लागले. रोहिला बुडाल्याला तेव्हा सात आठवडेही झाले नव्हते.

६६४ ची धर्मसभा इथे भरली ती सणाच्या तारखेवरून. उत्तर इंग्लंडातल्या नॉर्थम्ब्रियाचा राजा ओस्विउ आयरिश गणिताने ईस्टर पाळी, राणी रोमन गणिताने. त्यामुळे एका वर्षी राजा मेजवानीला बसलेला आणि राणीचा उपास चालू. टिळक पंचांग आणि इतर पंचांगांमधून एकाच घरात दोन गणपती बसलेले ज्यांनी पाहिलेत, त्यांना ही अडचण समजावून सांगायला नको. ओस्विउने रोमन गणित घेतलं आणि इंग्लंडचं चर्च रोमकडे झुकलं.

त्या गणिताला बांधलेला एक विधी खाली बंदरात अजून होतो. ईस्टरनंतरच्या ३८ व्या दिवशी, म्हणजे असेन्शन या येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाच्या आदल्या बुधवारी, सकाळी नऊला चर्च स्ट्रीटच्या बाजूला वरच्या बंदराच्या चिखलात काटक्यांचं कुंपण रोवतात. ते तीन भरत्या टिकलं पाहिजे अशी अट. मग शिंग फुंकतात. सगळा प्रकार थोडक्यात आटपतो, म्हणून साडेआठलाच कठड्याशी उभं राहावं. तारीख दर वर्षी बदलते.

खाणं आणि राहणं

मासे-चिप्सची दुकानं पावलोपावली. पण यॉर्कशायरमध्ये पुष्कळ ठिकाणी ते गाईच्या चरबीत तळतात आणि चिप्सही त्याच कढईतून येतात. गोमांस न खाणाऱ्यांनी आणि शाकाहाऱ्यांनी “तेल कुठलं?” हे आधी विचारावं. वनस्पती तेल वापरणारी दुकानं आहेत, फक्त पाटी नेहमी नसते. हेन्रिएटा स्ट्रीटवर किपर मिळतात: हेरिंग मासा पाठीतून चिरून, मिठाच्या पाण्यातून काढून, ओक-बीचच्या धुरावर टांगतात. खोलीवर नेणार असाल तर घरमालकाला विचारा, वास दोन दिवस जात नाही. धक्क्यावर उघड्यावर खाताना पाठ भिंतीला लावून बसावं. सीगल मागून येतात आणि अख्खा मासा उचलतात.

राहायला पश्चिम कडा सोयीचा. पूर्वेकडच्या गल्ल्यांतली जुनी घरं सुंदर, पण जिने उभे आणि सामान हातानेच न्यावं लागतं. बरीचशी आता सुट्टीतली भाड्याची घरं झाली आहेत. जून २०२२ मध्ये गावकऱ्यांनी नवी घरं कायम राहणाऱ्यांसाठीच असावीत असा मोठ्या बहुमताने कौल दिला. ब्रॅम स्टोकर १८९० मध्ये इथे राहून गेला आणि त्याच्या ‘ड्रॅक्युला’मुळे ऑक्टोबरअखेर आणि गॉथ महोत्सवाच्या दिवसांत काळ्या पोशाखांनी गाव भरतं. तेव्हा खोल्या महिनोन् महिने आधी जातात. ड्रॅक्युलाची कबर देवळाच्या अंगणात नाही, कोणाला विचारू नये.

दुसऱ्या दिवशीची दुपार

मठावरून क्लीव्हलंड वे ही पायवाट कड्याकडेने रॉबिन हूड्स बेला जाते, सुमारे ११ किलोमीटर. साडेतीन ते चार तास धरावेत, कारण मध्ये ओढ्यांच्या घळींत उतरून पुन्हा चढावं लागतं. साल्टविकचं टोक वरूनच नीट दिसतं, पुढे १८५८ चं दीपगृह लागतं. वाटेत पाण्याचा नळ नाही, सावली नाही, आणि पाऊस झाल्यावर चिकणमाती बुटाला लोळाने चिकटते. धुकं आलं तर कुंपणाच्या आतल्या बाजूने चालावं. खालच्या खडकांवरून जायचा मोह होतो, तो टाळावा; साल्टविकनंतर कड्यावर चढायला बराच वेळ वाट मिळत नाही आणि भरती पायथ्याशी येते.

रॉबिन हूड्स बेला बस गावाच्या वरच्या टोकाला थांबते. खालच्या किनाऱ्यापासून तिथवर चढ तीव्र आहे, वीस मिनिटं हाताशी ठेवून निघावं. स्कारबरो-व्हिटबी एक्स९३ तिथूनच मिळते. दक्षिणेकडे परतायचं असेल तर व्हिटबीला मागे न येता याच बसने स्कारबरो गाठावं, तिथून यॉर्कला रेल्वे आहे. अर्थात सामान बरोबर असलं तर, म्हणून पाठीवर मावेल एवढंच आणावं.